सेल्फ घेईनागेलीय

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या जळकोटात माणूस आजारी पडला तर भेटायला चार जण येतात; गाडी बंद पडली तर चाळीस. आजाऱ्याकडे जाताना हातात काहीतरी न्यावं लागतं, निदान दोन मोसंब्या तरी. बंद गाडीकडे नुसतं मत घेऊन गेलं तरी भागतं. आणि मत हे आमच्या भागातलं एकमेव बारमाही पीक आहे. सोयाबीनला पाऊस लागतो, मताला लागत नाही.

भर बाजारात चावी फिरवावी, आतून 'टक् टक् टक् टक्' असा आवाज यावा आणि इंजिन ढिम्म हलू नये. लगेच कुणीतरी विचारतोच, "काय झालं सर?"

"सेल्फ घेईनागेलीय."

एवढं बोललं की गाडी तुमची राहत नाही, गावाची होते. पहिला प्रश्न ठरलेला : "पेट्रोल हाय का?" भावना चांगलीच असते, पण पेट्रोल संपलं तर इंजिन फिरतं, पेटत नाही, इथे ते फिरतच नाही, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत दुसरा म्हणतो, "प्लगात कचरा आलाय." तिसरा म्हणतो, "पंप गेला." ज्याला सायकलही नीट येत नाही असा एक जण "हेड उतरावं लागतंय" असं सांगून चहाला निघून जातो. आणि एक ज्येष्ठ गृहस्थ काहीच बोलत नाहीत. ते बॉनेट उघडायला लावतात, हात पाठीमागे बांधून आत बघतात आणि "हं" म्हणतात. त्या "हं"चा धाक सगळ्यांत मोठा.

यात त्यांचा दोष नाही. एकीकडे लाल कंधारी, दुसरीकडे देवणी, अशा दोन नामांकित जातींच्या मुलखात आमचं गाव. बाजारात बैलाचे दात, खूर, वशिंड बघून त्याचं वय आणि स्वभाव सांगणारी ही माणसं. तीच नजर घेऊन ती बॅटरीकडे येतात. वरून थोपटतात, बाजूनं चाचपतात, शेपूट नाही म्हणून वायर उचलून बघतात. बॅटरी बिचारी दात दाखवू शकत नाही.

खरं म्हणजे बंद गाडीइतका सरळ रोगी दुसरा नाही. आपल्याला काय झालंय हे ती आवाजानं स्पष्ट सांगत असते. ऐकायला कुणी मोकळा नसतो, कारण सगळे बोलत असतात.

हे मला कळलं ते उदगीर रोडच्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रीमुळे. त्याच्या पँटला गुडघ्यापासून खाली बारीक बारीक भोकं आहेत. ॲसिडचा थेंब कपड्यावर पडतो तेव्हा दिसत नाही, धुतल्यावर भोक होऊन दिसतो. माझ्या मते तेच त्याचं प्रमाणपत्र. तो आला की आधी म्हणतो, "सगळे जरा गप बसा." मग मान वाकडी करून, "हां, मारा सेल्फ."

त्याच्या लेखी चार आवाज आहेत आणि चौथा म्हणजे आवाजच नसणं. 'टक् टक् टक्' असं भराभर वाजलं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे : सेल्फचा सोलेनॉइड खेचला जातो, त्याबरोबर व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा खेचला जातो. एकच 'टक्' होऊन शांत झालं तर संशय सेल्फवर. कार्बन झिजलेत, नाहीतर सोलेनॉइडचे पॉइंट जळालेत. इंजिन चांगलं घरघर फिरतंय आणि पेटत नाही, तर बॅटरीला शिव्या देणं बंद करा, तिनं आपलं काम केलंय. आता पेट्रोल आणि स्पार्क बघा. आणि काहीच वाजलं नाही तर टर्मिनल, फ्यूज, चावीचा स्विच.

एकदा माझीच गाडी बाजारात अडली, त्या दिवशी त्यानं आणखी एक गंमत केली. भर दुपारी हेडलाईट लावायला सांगितले. गर्दीतून कुणीतरी हसलं. समोरच्या दुकानाच्या सावलीतल्या शटरवर दोन पिवळे गोळे उमटले. "आता मारा सेल्फ." गोळे विझायला टेकले. दिवे असे मेले तर बॅटरीत दम नाही किंवा वाटेत जोडणी खराब. दिवे ठणठणीत राहिले आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी निर्दोष, बिघाड पुढे कुठेतरी. याला ना मीटर लागतं, ना अनुभव. तरी आजवर गर्दीतल्या एकालाही सुचलं नव्हतं, हेड उतरवणाऱ्यालाही नाही.

मग मीटर निघालं. भरलेली बॅटरी, गाडी बंद असताना, 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी. 12 च्या खाली गेली की उतरलीच समजा. माझ्या बॅटरीनं साडेबाराच्या घरात आकडा दाखवला आणि मंडळी एका सुरात म्हणाली, "बॅटरी ओक्के!" मिस्त्री म्हणाला, "बसल्या बसल्या सगळेच ओक्के असतेत. काम सांगितल्यावर कळतंय." छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा दीडशेच्या आसपास अँपिअर ओढतो. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन एचपीची मोटर, विहिरीवर बसवतात तसली, पण दोन-तीन सेकंदांपुरती. ते ओझं पडल्यावरही व्होल्टेज साडेनऊच्या वर टिकलं पाहिजे. आमचं टिकेना. आणि तरी बॅटरी चांगली निघाली, कारण त्यानं मीटरची एक तार बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर धरली. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मध्ये बोटभर अंतर नाही. आणि सेल्फ मारताना तिथेच अडीच-तीन व्होल्ट गडप होत होते.

क्लॅम्प काढला. आत पांढरी-हिरवी भुकटी धरलेली, कडांना निळसर झाक. त्यानं हॉटेलातून गरम पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा मागवला. भुकटीवर सोडा पडताच ती फसफसली, वर फेस आला आणि चॉकलेटी पाणी इंजिनावरून ओघळलं. पॉलिश पेपरनं खुंटी घासली तशी शिशाची चकाकी दिसली. क्लॅम्प बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. काढताना उलट, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. वरून बोटभर व्हॅसलीन. चावी फिरवली, पहिल्या झटक्याला चालू. मिस्त्रीनं पन्नास रुपये घेतले. जमलेल्या मंडळींच्या चहाचे त्याहून बरेच जास्त झाले.

आमच्या भागात बॅटरी मरते ती उन्हानं, हेही लोकांना पटत नाही. मार्गशीर्षातल्या थंड सकाळी गाडी अडते, म्हणून सगळे थंडीला बोल लावतात. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, हे खरं. पण खरं नुकसान झालेलं असतं मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना. उकाड्यात आतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, गंज वाढतो. थंडी फक्त पंचनामा करते. त्यात आमची घरं अशी की मुलगा पुण्याला नोकरीला, नातवाला बघायला आजी-आजोबा उन्हाळाभर तिकडे, आणि गाडी जळकोटात पत्र्याखाली उभी. घड्याळ, रेडिओ, लॉक असं काही ना काही थोडा थोडा करंट पीतच असतं. डिकीतला पाच वॅटचा दिवा चुकून चालू राहिला तर 35 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी साडेतीन दिवसांत आडवी होते. इथे असलो तरी गाडी धावते किती? घर ते शाळा, शाळा ते भाजी. चौथ्या गिअरला गाव पुरत नाही, मग बॅटरी कधी भरायची?

आणि पाणी! ज्या बॅटरीला झाकणं असतात तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, तेही प्लेटा बुडण्यापुरतं. ॲसिड वरून घालायचं नाही, ते उडालेलं नसतं. पण इथे बोअरचं क्षारयुक्त पाणी सर्रास ओततात. एका मामांना मी हटकलं तर म्हणाले, "आम्ही हेच पितोय की." 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी. त्या दिवसांत दुकानात बॅटरीच्या पाण्याच्या बाटल्या मात्र रांगेनं मांडलेल्या असायच्या. बॅटरीला शुद्ध पाणी मिळत होतं, माणसाला कसलंही मिळत नव्हतं. हेच मामा झाकणातून पातळी दिसेना म्हणून काडी ओढायला निघाले होते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्यांचा हात मी धरला म्हणून मामा आज मामा आहेत.

जुन्या ड्रायव्हरांना या सगळ्याचं हसू येतं. त्यांच्या काळी जीपला पुढून हँडल मारायचं. इंजिन उलटा झटका द्यायचं, म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. घातला की मनगट गेलं. चार्ल्स केटरिंगनं केलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकला बसला आणि जगाची मनगटं हळूहळू वाचत गेली. आमच्याकडे हँडलची जागा धक्क्यानं घेतली. बालाघाटाच्या डोंगरानं आम्हाला शेती कमी दिली, पण उतार भरपूर दिले. इथला शहाणा माणूस गाडी नेहमी उताराकडे तोंड करून लावतो.

धक्क्याचा हा भरवसा पुतण्याच्या लग्नात मोडला. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला उतरला. आमच्या तात्यांनी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं. गाणी, एसीचा पंखा, दिवे मात्र चालू ठेवले, कारण त्याला पेट्रोल लागत नाही असा त्यांचा समज. वाजंत्री दमेपर्यंत नाचणं झालं. नवरदेव आत बसला आणि 'टक् टक् टक्'. सगळे वऱ्हाडी ढकलायला लागले, शेवटी शेरवानी सावरत नवरदेवही. गाडी थेट मांडवाच्या तोंडापर्यंत गेली, चालू झाली नाही. ती ऑटोमॅटिक होती, आणि ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही. इंजिन बंद असताना चाकांचं फिरणं इंजिनापर्यंत पोचतच नाही. हे लातूरला डिप्लोमा करणारी भाची पहिल्यापासून सांगत होती. पण ती करवली होती, आणि करवलीचं कोण ऐकतं?

मग तिनंच सूत्रं हाती घेतली. कुणीतरी ट्रक आणायला निघालं होतं, त्याला थांबवलं : ट्रकचं काम 24 व्होल्टवर. ट्रॅक्टर आणवला, तो 12 चा. बॉनेटवर मावशीनं गुलाबांचा मोठा बदाम चिकटवलेला, बॉनेट उघडताना तो तिच्या हृदयासह फाटला. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्हला. काळा ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा आपल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ट्रॅक्टर थोडा वेळ चालू ठेवला. सेल्फ मारला. गाडी चालू. मुहूर्त टळला होता, पण आमच्याकडे तो पत्रिकेपुरताच असतो.

दुसऱ्या दिवशी तात्या नवी बॅटरी आणायला निघाले. तुमच्यावर ही वेळ आली तर दुकानात जाण्याआधी इंजिन चालू करून बॅटरीला मीटर लावून घ्या. आकडा 14 च्या आसपास यायला हवा. तो साडेबाराच्या पुढे सरकत नसेल तर बिघाड अल्टरनेटरमध्ये आहे, ज्याला आमच्याकडे अजून डायनामाच म्हणतात. मग नवी बॅटरीही दोन दिवसांत झोपेल, आणि जुनी तोवर दुकानदारानं भंगारात घालून टाकलेली असेल.