मेंदूवाले काका

काकांसमोर ‘मला वाईट वाटतंय’ असं म्हणायची सोय नाही. “वाटत वगैरे काही नाही, सेरोटोनिन खाली गेलंय,” अशी तत्काळ दुरुस्ती होते. प्रेम म्हणजे डोपामिन, माया म्हणजे ऑक्सिटोसिन. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी मनाचं मेंदूत विलीनीकरणच करून टाकलंय. जुनं पासबुक कुणी दाखवू नये.

वाचन मात्र पक्कं. जाणीव ही मेंदूतलीच प्रक्रिया आहे असं यू. टी. प्लेस यांनी 1956 मध्ये मांडलं आणि 1959 मध्ये जे. जे. सी. स्मार्ट यांनी ते उचलून धरलं, हे आमच्या भाजीवाल्यालाही पाठ झालंय. वीज म्हणजे विद्युतभाराचं वहन, दुसरं काही नाही; दुःखाचंही तेच! प्लेस यांचा मेंदू अ‍ॅडलेड विद्यापीठात जपून ठेवलाय हे सांगताना या नास्तिक माणसाचा आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा होतो. “माझाही देऊन टाका,” ते काकूंना बजावतात.

“देऊ की. आधी लॉकरची किल्ली कुठे ठेवलीत ते त्यातून काढून घ्या.”

तत्त्वज्ञान शिकणाऱ्या पुतणीने एकदा विचारलं, “काका, ऑक्टोपसला दुखतं का हो?”

“दुखणारच.”

“मेंदू आपल्यासारखाच असतो त्याचा?”

“छे! निम्म्याहून जास्त न्यूरॉन तर भुजांमध्ये.”

“मग मेंदू वेगळा आणि दुखणं तेच, हे कसं?”

हिलरी पट्नमने 1967 मध्ये घातलेला हा पेच. काकांनी त्यावर चहा मागवला.

मला त्यांचं निम्मं पटतं. दोन पेग पोटात गेले की भले भले तत्त्वनिष्ठ विरघळतात, हे कोण नाकारेल? घोडं अडतं ते मतांपाशी. शेजाऱ्यांची देवावरची श्रद्धा म्हणजे न्यूरॉनची नुसती खळबळ. देव नाही हे काकांचं मत मात्र पुराव्यावर उभं! अहो, न्यूरॉन पेटतो किंवा पेटत नाही. तो खरा की खोटा, हे कसं ठरवायचं? पण काकांच्या हिशेबी रसायनं बाकीच्यांच्या डोक्यात असतात, त्यांच्या डोक्यात युक्तिवाद.

परवा सोसायटीच्या सभेत त्यांचा पार्किंगचा ठराव पडला. काका थरथरत उठले. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, बसा. अ‍ॅड्रेनलिन आहे, उतरेल.”

“अ‍ॅड्रेनलिन नाही, अपमान आहे हा!” काका कडाडले. “सेक्रेटरी, इतिवृत्तात हाच शब्द घाला!”