मी बसतो सामानाशी

मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला, कारखान्यांच्या पत्र्यावर पापड भाजून निघेल असं ऊन पडलं, की मंडीदीपच्या आमच्या बापूंना पाणी आठवतं. डुंबायचं पाणी. मग विदर्भातून सुट्टीला आलेली भाचरं, मेहुणे, साडू असा सगळा गोतावळा ओट्यावर गोळा करून ते आधी इतिहास सांगतात.

"अरे, तुम्ही बसलाय ना, ते बेट आहे. मंडलद्वीप! भोजराजानं अकराव्या शतकात भोजपूरला बांध घातला, तेव्हा इथं चहूकडे पाणीच पाणी होतं."

पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहानं तो बांध फोडला. फोडायला फौजेला तीन महिने, तलाव रिता व्हायला तीन वर्षं आणि तळ राहण्याजोगा व्हायला तीस, अशी दंतकथा आहे. बापू ती अशा दुखऱ्या आवाजात सांगतात, की होशंगशहानं यांच्याच गच्चीवरची टाकी फोडली असावी. आता उन्हाळ्यात भोजपूरच्या बेतवेत म्हशीलासुद्धा पाठ भिजवायची तर लोळावं लागतं. म्हणून दरवर्षी पचमढी.

औबेदुल्लागंज, बुदनी, नर्मदेचा पूल, पिपरिया, मग मटकुलीचा घाट. बापू ड्रायव्हरशेजारी. सातपुड्यातल्या प्रत्येक डोहाची खोली त्यांना तोंडपाठ. बी फॉलची धार डोक्यावर घ्यावी ती एकदाच, कारण तिथल्या पायऱ्या परत येताना दुप्पट होतात (हे मात्र खरं आहे). लहान पोरं असली तर अप्सरा विहार. पाणी उथळ, पालक निर्धास्त. कोण पोहणार, कोण नुसते पाय सोडून बसणार, ट्यूब कोण फुगवणार, सगळी वाटणी पिपरियाच्या आत. स्वतःच्या वाट्याला एकच वाक्य: "तुम्ही जा, मी बसतो सामानाशी."

मी बघतोय तेव्हापासून ते सामानाशीच बसलेत. सावलीतला सपाट खडक हेरायचा. चपला जोडीजोडीनं लावायच्या. घड्याळं एका मोज्यात, मोबाईल पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. आणि तिथून पाण्यातल्यांना पोहणं शिकवायचं. "हात लांब टाक! मान खाली!" अनोळखी माणसंही मुकाट्यानं मान खाली घालतात, असा तो आवाज. बापूंना स्वतःला पोहता येतं का, हे आजवर कुणी विचारलं नाही. अशा आवाजाला प्रश्न विचारत नाहीत.

गेल्या मे महिन्यात एक गुलाबी चप्पल प्रवाहाला लागली. अप्सरा विहारचं पाणी पुढं रजत प्रपातावरून साडेतीनशे फूट खाली जातं. चौदा जोडांची जबाबदारी! बापूंनी विजारीसकट उडी घेतली.

"ठाव लागत नाही रे!" ते ओरडले आणि हातपाय असे झाडले, की काठावरचे पोह्यांचे द्रोण भिजले. मेहुणे धावले. साडूंनी ट्यूब फेकली. धाकटी भाची कमरेवर हात ठेवून दोन पावलांवर उभी होती.

"मामा, उभे राहा ना."

बापू उभे राहिले. पाणी गुडघ्याला. हातात चप्पल होती, तीही आमच्यातल्या कुणाची नव्हती.

"गाळ साचलाय," विजार पिळत ते म्हणाले. "पूर्वी खोल होतं."