टिमकी आपली, हात दुसऱ्याचा

ओपन सोर्सवाल्यांइतकी निःस्पृह जमात भूतलावर नाही. रात्र रात्र जागून कोड लिहायचा, तो जगाला फुकट वाटायचा आणि कोणी त्यात चूक काढली तर वर त्याचेच आभार मानायचे. पैसा नको, पद नको. हवा फक्त विकिपीडियावर एक लेख. तोही फार मोठा नको. इतिहास, वैशिष्ट्ये, गौरव आणि कडेला लोगोची चौकट, बस्स.

पण विश्वकोशात स्वतःची आरती स्वतः ओवाळलेली चालत नाही. त्यामुळे मंडळींना नाना युक्त्या कराव्या लागतात. होतकरूंच्या सोयीसाठी त्या इथे देत आहोत.

पहिली युक्ती तृतीय पुरुषाची. 'मी बनवलं' असं न लिहिता 'हे सॉफ्टवेअर एका भारतीय तंत्रज्ञाने विकसित केले आहे' असं लिहायचं. मग हलके, वेगवान, आधुनिक, वापरण्यास सुलभ ही विशेषणं पेरायची. जगातलं प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या रीडमी फाइलमध्ये वेगवानच असतं. कशापेक्षा वेगवान, हे तिथे कोणी विचारत नाही. कोशातला संपादक नेमकं तेवढंच विचारतो. त्याने विशेषणं उपटली की लेखात उरतं नाव, परवाना आणि एक पूर्णविराम.

लिनस टोरवाल्ड्स यांना ही कला कधीच जमली नाही. १९९१च्या ऑगस्टमध्ये लिनक्सची वर्दी देतानाच त्यांनी सांगून टाकलं की हा आपला छंद आहे, यातून मोठं काही व्हायचं नाही. २००५मध्ये गिट आणलं, तर त्याच्या रीडमीत पहिल्याच ओळीत त्याला मठ्ठ म्हणून मोकळे झाले. आज दोहोंवर लांबलचक लेख आहेत. पण इतका दूरदर्शी विनय सगळ्यांनाच कुठून परवडणार?

दुसरी युक्ती संदर्भांची. संदर्भ मागितले की आपण पाच देतो: आपलं संकेतस्थळ, आपलं गिटहबचं पान, परिषदेतलं आपलं भाषण, त्या भाषणाची चित्रफीत आणि आपल्याच सहकाऱ्याने घेतलेली आपली मुलाखत. कोशाला मात्र हवा असतो तिऱ्हाइताने, आपणहून आणि ऐसपैस लिहिलेला मजकूर. गिटहबवरचे तारे मोजून दाखवले तरी तिथे कोणी विरघळत नाही. आहेराची यादी दाखवून नवरदेवाचं कर्तृत्व सिद्ध होत नाही, तसंच हे.

तिसरी युक्ती मित्रमंडळाची. लेख वगळण्याची चर्चा सुरू झाली की हाक द्यायची. तासाभरात ताजी ताजी खाती उगवतात आणि एका सुरात म्हणतात, 'लेख राहू द्यावा, सॉफ्टवेअर फार छान आहे.' दुर्दैवाने तिथे डोकी मोजत नाहीत, कारणं तपासतात. महाराष्ट्रात ही पद्धत कोणाच्याच पाहण्यात नसल्यामुळे आपली माणसं गोंधळतात.

चौथी युक्ती श्रीमंतांची: लेखणी भाड्याने घेणे. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑस्ट्रेलियातल्या एका एक्सएमएल-तज्ज्ञाला पैसे देऊ केले. ओडीएफ आणि ओओएक्सएमएल या दोन प्रतिस्पर्धी फाइल-प्रकारांवरच्या लेखांतल्या चुका त्याने दुरुस्त कराव्यात, अशी अपेक्षा होती. गृहस्थाने हे स्वतःच जाहीर केलं आणि गवगवा झाला. विकिपीडियाच्या जिमी वेल्स यांनाही ते रुचलं नाही. हेच वेल्स स्वतःवरच्या लेखात हात घालतात आणि सहसंस्थापक म्हणून लॅरी सँगर यांचा उल्लेख येतो ती जागा बदलतात, हे २००५मध्ये उघडकीस आलं होतं. पथ्य सांगणाऱ्या वैद्यालाही कधी लोणचं आवडतंच.

पाचवी युक्ती म्हणजे सरळपणा. 'हे सॉफ्टवेअर माझं आहे' असं चर्चापानावर कबूल करायचं, पुराव्यासह सूचना मांडायची आणि दुसऱ्या कोणी निर्णय घेईपर्यंत थांबायचं. ही युक्ती नियमात बसते, म्हणूनच बहुधा ती कोणाला युक्ती वाटत नाही. सरळपणाचा नमुनाच हवा तर आपल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचा घ्या. त्यांनी अख्खा ज्ञानकोश रचला, आणि त्या खटाटोपाची हकिगत सांगायची तेव्हा १९२७मध्ये वेगळं पुस्तक काढलं. नाव ठेवलं 'माझे बारा वर्षांचे काम'. कोण बोलतंय याबद्दल वाचकाला शंकाच नको.

या पाचही युक्त्या फसल्या तर एक रामबाण उपाय आहे. तिऱ्हाइताने आपणहून लिहावं असं वाटत असेल, तर सॉफ्टवेअर बिघडलं पाहिजे.

लेफ्ट-पॅडचं उदाहरण घ्या. कोड ११ ओळींचा, काम मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायचं. मार्च २०१६मध्ये लेखकाच्या दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि त्याने रागाने हा कोडही एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सामायिक कोठारातून काढून घेतला. त्यासरशी जगभरातल्या प्रकल्पांची बांधणी धडाधड कोसळू लागली आणि बातम्यांचा पाऊस पडला. आता त्या प्रकरणावर विश्वकोशात लेख आहे. ओपनएसएसएलवर तर निम्म्या इंटरनेटची कुलुपं होती, आणि देणग्या वर्षाला दोनेक हजार डॉलर. २०१४च्या एप्रिलमध्ये त्यातला हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला. त्या दोषाला स्वतःचा लोगो मिळाला, स्वतंत्र लेख मिळाला, आणि मग कुठे कंपन्यांना पाकिटाची आठवण झाली. एक्सझेड या फायली आवळणाऱ्या साधनाचा भार वर्षानुवर्षं मुख्यतः एक स्वयंसेवक वाहत होता. २०२४मध्ये त्यात कोणी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं, ते एका अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं म्हणून. त्यानंतर मात्र लिहिणाऱ्यांची रीघ लागली.

तेव्हा होतकरूंनो, तुमच्या सॉफ्टवेअरवर लेख नसेल तर खट्टू होऊ नका. ते बिनबोभाट चालू आहे, याचं याहून चांगलं प्रमाणपत्र नाही. फक्त ते संदर्भ म्हणून जोडू नका, स्वीकारत नाहीत.