बॅटरी कोण बदलणार?

भामरागडहून आत, डांबर संपतं त्याच्याही पुढे, एका माडिया आदिवासी गावात गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, सौर दिव्याचा खांब उभा आहे. खांबाला पाटी आहे. पाटीवर देणाऱ्याचं नाव, त्याचा हुद्दा, गावाचं नाव, उद्घाटनाची तारीख, सगळं रंगवलेलं आहे. दिवा गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. पाटी मी दोनदा वाचली. फोन नंबर कुठेच नव्हता.

"लावून गेले जी," खांबाला टेकून बसलेला म्हातारा म्हणाला. "उजेड लगित होता. पोरं रातच्याला इथंच बसत. मंग बॅटरी मेली. आता कोणाले सांगाचं?"

दुर्गम गावाचा कायापालट करायला निघालेल्या प्रत्येक धनवंताने या म्हाताऱ्याला आधी उत्तर द्यावं, मग नारळ फोडावा. दिवा किती वॅटचा, हे आम्हाला नका सांगू. बॅटरी मेली की कोणाकडे जायचं, ते सांगा.

दात्यांशी माझं वैर नाही. या तालुक्याला दानाची किंमत कळते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत राहायला आले. सुरुवातीला रुग्ण फिरकत नव्हते. डॉक्टर माडिया बोलायला शिकले, अंगावर बंडी आणि अर्धी चड्डी एवढंच ठेवू लागले. मग हळूहळू माणसं आली. १९७५ मध्ये स्विसएड या स्वित्झर्लंडच्या संस्थेने छोट्या दवाखान्यासाठी पैसे दिले. पुढे देशभरातून, परदेशातून मदत येत राहिली. आजही गावतळी खोदायला त्या प्रकल्पाकडे देणगीदार पैसे देतात. या सगळ्याचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी माणूस येऊन राहिला, पैसा त्याच्या मागून आला. दवाखान्यातलं यंत्र बिघडलं तर कोणाचं दार ठोठावायचं, हे हेमलकशात पन्नास वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे.

आता बहुतेक ठिकाणी क्रम उलटा झालाय. पैसा येतो, त्याच्यासोबत फोटो काढणारा येतो, आणि दोघं एकाच गाडीने परत जातात.

गावाला विचारणं हा दुसरा मुद्दा, आणि तो गडचिरोलीत सिद्ध झालेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केली. दवाखाना बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी आदिवासींनाच विचारलं, की कसा हवा. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, दवाखाना आमच्या गावासारखा असू द्या, सोबतच्या नातेवाइकांना राहता आलं पाहिजे, आणि नाव आमच्या देवीचं द्या. म्हणून शोधग्राम या 'सर्च'च्या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांसारखा उभा राहिला आणि त्याचं नाव पडलं माँ दंतेश्वरी दवाखाना. तिथेही मोठमोठ्या संस्थांचे पैसे आले. पुढे दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ'साठी टाटा ट्रस्ट्स आणि राज्य सरकार बरोबर उभे राहिले. पण दारावरचं नाव देवीचंच राहिलं. पाटीवर कोणाचं नाव असावं असा वाद माझ्यासमोर कोणी काढला की मी शोधग्रामकडे बोट दाखवतो.

पुढची गोष्ट बोलायला अवघड आहे, म्हणूनच ती स्पष्ट बोलतो.

एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज निघतं. खाण लॉइड्स मेटल्सची आहे. त्याच भागात हेडरीला कंपनीच्या पुढाकाराने रुग्णालय उभं राहिलं, सीबीएसईची शाळा निघाली. लोक तिथे जातात. का जाऊ नये? तापलेलं लेकरू कडेवर असलेली आई दवाखान्याची मालकी तपासत बसत नाही. आणि त्याच एटापल्ली तालुक्यात, २०२३ मध्ये, तोडगट्ट्याला माडिया गावकऱ्यांनी नव्या खाणींविरुद्ध कित्येक महिने ठिय्या दिला. नोव्हेंबरमध्ये पोलिसी कारवाईनंतर तो संपला. शहरातले शहाणे तेव्हा म्हणायचे, दवाखाना पाहिजे, शाळा पाहिजे आणि खाण नको, हे कसं चालेल? चांगलं चालेल. औषध घेतलं म्हणजे डोंगर लिहून दिला, असा करार कुठल्याही गोटुलात झालेला नाही. पुण्या-मुंबईतला माणूस धर्मादाय रुग्णालयात अपेंडिक्स काढून घेतो, तेव्हा त्याच्या घराचा सातबारा कोणी मागत नाही. माडिया बाईला मात्र लगेच कृतघ्न ठरवतात. मला याची मनापासून चीड येते.

शिवाय ज्याला आपण दान म्हणतो, त्यातलं दान किती हेही एकदा बघू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठान खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीतून आलं. खाणवाल्याने रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम तिथे भरायची आणि ती खाणीची झळ बसणाऱ्या भागात खर्च व्हायची. हे पैसे कायद्याने आलेत. त्यातून शाळेची खोली झाली तर ती खोली गावाच्या हक्काची आहे. तिच्या उद्घाटनाला पोरांना उन्हात उभं करून टाळ्या वाजवायला लावू नका.

खरं दान कसं असतं याची दोन जुनी उदाहरणं माझ्या कायम डोक्यात असतात. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत माणसं बुडत होती, आणि ईस्ट इंडिया कंपनी रस्ता बांधायला पैसे देईना. लेडी अवाबाई जमशेटजी यांनी स्वतःचे १,५७,००० रुपये दिले, अट एकच घातली, की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. ही अट सरकारला बांधणारी होती आणि गरिबाच्या बाजूची होती. दुसरा अमेरिकेचा अँड्र्यू कार्नेगी. त्याने अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले, पण गावाने जागा द्यायची आणि इमारतीला दिलेल्या रकमेच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीवर खर्च करायचे, असं आधी कबूल करून घेतलं. पोलादाच्या धंद्यात तो कामगारांशी कसा वागला हे मी विसरलेलो नाही. तरी बॅटरी कोण बदलणार हा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी विचारला होता, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

आमच्याकडच्या गावांना दहा टक्के परवडणार नाहीत, हे मान्य. मग ते दात्याने बाजूला काढून ठेवावेत. दहा खांब लावायची ऐपत असेल तर आठ लावा आणि दोन खांबांचे पैसे दुरुस्तीला ठेवा. आठ दिवे आठ वर्षं जळतील. गावातल्या एका पोरीला किंवा पोराला आलापल्लीत नाहीतर गडचिरोलीत चार आठवडे बसवून वायरिंग शिकवा. हा खर्च फोटोत दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

काही कामं मात्र दात्याने करूच नयेत असं माझं मत आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ज्या भागात एकमेकींना भेटतात, तिथे भामरागड आहे. पर्लकोटेचा जुना पूल ठेंगणा आहे. पाऊस लागला की पूल पाण्याखाली जातो, बाजारपेठेत पाणी शिरतं, आणि पलीकडची गावं तुटतात. २०१९ च्या पावसाळ्यात हे एकाच हंगामात पुन्हा पुन्हा झालं. बाळंतीण खाटेवर घालून नदीकाठी आणायची आणि पाणी उतरायची वाट बघत बसायचं, हे इथल्या माणसाने किती वर्षं भोगलंय! उंच पूल हा सरकारचा धर्म आहे आणि तो सरकारनेच पाळला पाहिजे. उद्या एखाद्या उद्योगपतीने पूल बांधून दिला तर कलेक्टर सुटतील, मंत्री सुटतील, आणि पुलाला तडा गेला तर प्रश्न विचारायला विधानसभाही उरणार नाही. श्रीमंताच्या पैशामुळे सरकारला झोपायची सवय लागते. ती आम्हाला परवडत नाही.

गावांच्या हातात आता काहीच नाही, असंही नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू विकून गावाने स्वतःची तिजोरी केली. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या आधाराने जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. ज्या गोटुलात स्वतःच्या पैशाच्या हिशेबाचं वहीखातं आहे, तिथे दात्याची गाडी आली की माणसं उठून हार घेऊन धावत नाहीत. बसा म्हणतात, पाणी देतात, आणि विचारतात, काय आणलंय, किती दिवस टिकेल, बिघडलं तर कोण येईल. देणाऱ्याला हे प्रश्न टोचत असतील तर त्याने पुन्हा विचार करावा, पण गावाने ते गिळू नयेत.

त्या खांबाजवळ मी बसलो होतो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आतून वही आणली गेली. यंदाच्या तेंदूच्या पैशातून बॅटरीला किती काढायचे यावर बोलणं सुरू झालं. बायका भिंतीकडेला होत्या, त्यातल्या एकीने आधी किंमत तर कळू द्या म्हटलं. मग एक पोरगा खांबावर चढला, खोका उघडून बॅटरीवरचा नंबर मोठ्याने वाचू लागला, आणि खाली म्हाताऱ्याने तो बिडीच्या पाकिटावर लिहून घेतला. उद्या दोघं जण मोटारसायकलने आलापल्लीला जाणार आहेत, भाव विचारायला.