फेज ३बी२

मोहालीत पत्ता विचारला की फेज सांगतात. फेज १ ते ११, मध्येच ३बी१, ३बी२ अशा पोटफेजा. कराडहून इलेक्ट्रिकल शिकायला गेलेल्या मला याची मोठी गंमत वाटे, कारण आमच्या पुस्तकात फेज तीनच, आणि प्रत्येकीत १२० अंशांचं अंतर. ३बी२ आणि फेज ७ मध्ये किती अंशांचं, असं मी एकदा रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "चालीस रुपये."

मशीन्सच्या लॅबमध्ये इंडक्शन मोटर भेटली. तशी ती आमच्या विहिरीवर लहानपणापासून घुरघुरत होतीच, पण ओळख इथं झाली. चार पोल, ५० हर्ट्झ. म्हणजे स्टेटरमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. रोटर त्याच्यामागे जीव खाऊन धावतो आणि १४४०च्या आसपास अडतो. कंपनीही पाटीवर खुशाल १४४० छापते. मला ही मोटर जवळची वाटली. आमचा निकालही असाच लागे. या मागे राहण्याला म्हणतात स्लिप. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "स्लिप शून्य झाली तर?"

"फार छान होईल, सर."

होत नाही. रोटरनं क्षेत्राला गाठलं की त्याच्यात वीजच उपजत नाही, मग जोर कुठला? सर पुढच्या मुलाकडे वळले.

३० जुलै २०१२. रात्री अडीचच्या सुमारास होस्टेलचे पंखे थांबले. अख्खी उत्तर ग्रिड झोपली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतालाही सोबत घेऊन. घामेजलेली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली, जणू फ्यूज माझ्याच खिशात होता. "तू यही पढ़ता है ना?" मी गंभीर चेहऱ्यानं जिन्यातलं मीटर पाहून आलो.

महाराष्ट्रात मात्र लाईट होती. दिवाळीत घरी गेलो तेव्हाही आईला त्याचा अभिमान होता. करंजीला मुरड घालत ती म्हणाली, "मग कोयनेतली थोडी तिकडं सोडायची की!"

"रस्ताच तुटला होता गं. बीना-ग्वाल्हेर लाईन, ४०० केव्हीची. भार वाढला आणि ती सुटली, म्हणून तर आपली बाजू वाचली."

"दरड आली असेल," आई म्हणाली. "जुलैच होता ना."