उधारीला आवाज आला

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या कॅफेत बिल आलं की टेबलावर 'ठण्ण' होतं. पोरांची क्रेडिट कार्डं हल्ली धातूची असतात. उधारी जुनीच, आवाज तेवढा नवा.

या धातूच्या वेडात पुण्याचा वाटा मोठा. एफपीएल टेक्नॉलॉजीज या पुणेरी कंपनीने वनकार्ड आणलं. कार्ड धातूचं, कारभार सगळा ॲपवर. कर्ज देणारी बँक निराळीच. तिचं नाव विचारा बरं एखाद्या कार्डवाल्याला!

ॲप देखणं असतं, कबूल. कार्ड हरवलं? बोट सरकवा, बंद. परदेशी व्यवहार नकोत? बोट सरकवा. पूर्वी याच कामासाठी हेल्पलाइनची बासरी ऐकत बसावं लागे. सोयीला नावं ठेवणाऱ्यांनी ती बासरी पुन्हा एकदा ऐकावी.

मग कुरकुर कशाला?

जरा बिलाच्या पानावर चला. २०,००० रुपये थकलेत आणि समोर 'किमान देय' साधारण १,०००. केवढा समजूतदारपणा! उरलेल्यावर व्याज मात्र बहुतेक कार्डांचं महिन्याला ३.५ टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४२. वर बिनव्याजी मुदतही गेली. उद्याच्या कॉफीवर उद्यापासूनच मीटर सुरू.

एवढा दर सांगताना जुना सावकारसुद्धा आधी इकडेतिकडे बघायचा.

किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर असतो. तो छापायला रिझर्व्ह बँकेने लावलं. डिझायनरला काही तो आपणहून सुचला नव्हता.

शेजारच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळात येणारे एखादे काका अजून स्टेटमेंटची प्रिंट काढून पेनाने खुणा करतात. पोरं हसतात. काकांनी व्याजाचा एक रुपया भरलेला नाही.

आणि कार्ड नकोसं झालं तर? घेताना पाच मिनिटं पुरतात. सोडताना मात्र 'ग्राहक प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील'. ॲपमधलं कार्ड सोडायचं बटण शोधून दाखवणाऱ्याचा जाहीर सत्कार करायला हरकत नाही.

अखेर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमच केला. थकबाकी नसेल तर अर्ज आल्यावर कामकाजाच्या ७ दिवसांत कार्ड बंद करा, नाहीतर ग्राहकाला उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये द्या.

दिवसाला ५००! कुठल्या कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट एवढे देतात हो?