आधी कुंपण, मग वारसा

आपल्याकडे वारसा ओळखायची एक सोपी खूण आहे. पार्किंग बघायचं. दोन बसगाड्या आरामात वळतील एवढं असेल, तर आत 'सांस्कृतिक वारसा संग्रहालय' आहे असं बेलाशक समजावं. गेटवर फायबरचे दोन मावळे, शेजारी बैल नसलेली बैलगाडी आणि तिच्यावर चढून फोटो काढता यावा म्हणून केलेली सिमेंटची पायरी. आत गेलं की 'आपलं गाव' सुरू होतं. सिमेंटचा शेतकरी सिमेंटचा नांगर धरून उभा. त्याची बायको जात्यावर बसलेली आणि चक्क हसतेय. पहाटे उठून अख्ख्या खटल्याचं दळण दळणारी बाई अशी हसायची, हा शोध मूर्तिकाराने कुठल्या घरात लावला कोण जाणे. निदान मागे एक सासू तरी उभी करायची.

या गावात सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं असतं. पाणवठा एकच आणि त्यावर सगळे एकत्र पाणी भरतात. कर्जाची खतावणी नाही, गावकुसाबाहेर कोणी राहत नाही, दुष्काळ पडत नाही, शेणाचा वासही येत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात असं गाव कोणालाच सापडलेलं नाही. ते थेट सिमेंटातच जन्माला आलं.

कलादालन म्हणाल तर तेही आहे. प्रसाधनगृहाच्या दारांवर. लग्नात पालघट देवीचा चौक लिहायचा तो सवाष्णींनी, गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, अशी वारल्यांची रीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणली, जगभर नेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण त्या त्रिकोणी माणसांना 'पुरुष' आणि 'स्त्रिया' या दोन दारांवर कायमची नोकरी लावून दिली आहे. निसर्गाचं दालन मात्र उघड्यावर असतं. खाली पेव्हर ब्लॉक, कडेला प्लॅस्टिकचं गवत आणि जिवंत झाडाला खिळ्याने ठोकलेली 'निसर्गाशी नातं जोडा' ही पाटी.

आता ज्या संग्रहालयाला पार्किंगच नाही त्याकडे वळू. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, पसरलं आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. खाली सिंधुदुर्गात कुडोपी. सीमा ओलांडली की गोव्यात कुशावतीच्या काठावर उसगाळीमळ. जांभ्या कातळावर कोरलेली हजारावर चित्रं. कशेळीचा एकटा हत्तीच अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची जत्रा. कुठे गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठे, असं विचारत अभ्यासक डोकं खाजवत बसले आहेत. बारसूला एक माणूस दोन वाघांच्या मधे उभा आहे. देवाचे गोठणे इथे एका मनुष्याकृतीजवळ होकायंत्र ठेवलं तर त्याची सुई भरकटते. शासकीय नियोजनाच्या बाबतीत हे आपण अनेकदा पाहिलं आहे, पण इथे त्याचं कारण दगडात आहे.

ही चित्रं किती जुनी, यावर अजून एकमत नाही. शेती माहीत नसलेल्या, शिकारीवर जगणाऱ्या माणसांनी ती कोरली असावीत आणि त्याला दहा हजार वर्षं सहज झाली असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. गावकऱ्यांना मात्र निकाल ठाऊक आहे. पांडवांनी काढली. रात्र सरायच्या आत काम उरकायचं होतं, कोंबडा आरवला, राहिलं. महाराष्ट्रात जी जी बांधकामं अर्धवट आहेत ती सगळी पांडवांच्या नावावर खपतात. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 च्या सुमाराला सुरू झालं. ते अजून पांडवांच्या नावावर कसं टाकलेलं नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

चित्रं शोधली कोणी? पुरातत्त्व खात्याची जीप फिरली असं तुम्हाला वाटेल. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींसोबत सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून ती शोधली. रिसबूड पेशाने इंजिनिअर. गुराख्यांना विचार, म्हाताऱ्यांना विचार, पावसात वाहून आलेली माती झाडूने बाजूला कर, असा उद्योग. एक चित्र तर निवळी-गणपतीपुळे रस्त्याच्या कडेला आधीपासून माहीत होतं. त्याच्या बाजूने किती गाड्या पुळ्याला जाऊन आल्या असतील! आपल्याकडची चांगली संग्रहालयं अशीच एखाद्या माणसाच्या खुळातून होतात. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते आणि वज्र्या जमवल्या, आयुष्य त्यात घातलं आणि 1975 साली सगळं सरकारच्या हवाली केलं. खूळ खाजगी आणि उद्घाटनाची फीत सरकारी, ही विभागणी जुनीच आहे.

सडा म्हणजे कातळ, आणि महसुली कागदावर कातळ म्हणजे पोटखराबा. सातबाऱ्यावर लागवडीलायक नसलेल्या जमिनीची हीच नोंद. त्या पोटखराब्यावर पावसाळ्यात काय उगवतं ते जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन पाहा. किडे खाणारी सीतेची आसवं निळी होऊन पसरलेली असतात, शेजारी गेंदाचे पांढरे ठिपके, आणि नीट वाकून पाहिलं तर चिकट दवबिंदू. डबकी साचतात, बेडूक येतात, बेडकांमागे साप. हे सगळं दोन-तीन महिन्यांत आटोपतं आणि कातळ पुन्हा काळा पडतो. इथे कला, संस्कृती आणि निसर्ग यांसाठी वेगवेगळी दालनं नाहीत. गेंड्याच्या कोरीव रेषेत पाणी साचतं आणि त्यात फुलं उगवतात. कुठल्याही सल्लागार कंपनीला असं डिझाइन जमणार नाही. शिवाय तिने बिल लावलं असतं.

पण पोटखराबाच तो. त्यातून चिरे काढता येतात. कोकणात जांभ्याचा चिरा लागतो कशाला? घराला, कुंपणाला, आणि हल्ली महामार्गावरच्या 'पारंपरिक कोकणी लुक'च्या वारसा-रिसॉर्टला. म्हणजे सडा कापायचा, चिरे उचलायचे, त्यांची भिंत बांधायची आणि त्या भिंतीवर ऑइलपेंटने कातळशिल्पाचं चित्र काढून घ्यायचं. तिकीट वेगळं.

राजकारण्यांना दोष देऊ नये असं म्हणतात, पण त्यांचा हट्टच असेल तर काय करणार. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात बारसू आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. पोलीस आले, बायामाणसं कातळावर आडवी झाली. एका टेबलावर जागतिक वारशाची फाइल आणि दुसऱ्या टेबलावर तेलाची. मधल्या शिपायाला विचारा, तो सांगेल कोणती फाइल लवकर पुढे सरकते. रिफायनरी व्हावी की न व्हावी, यावर भांडायला बारसूचा राजापूर तालुका समर्थ आहे. माझा प्रश्न लहान आहे. दगडावर चित्र आहे हे माहीत असताना जागा निवडणाऱ्याने नकाशात काय पाहिलं होतं?

मग या चित्रांना कुंपण घालावं का? घालावं. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन तिथल्या कोरीव हत्तीभोवती चिऱ्यांचा कट्टा बांधला, बघायला उंच जागा केली. साधं काम, चांगलं काम. भीती आहे ती पुढच्या पायरीची. निधी आला की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की काच येते, काच आली की वर पत्रे येतात आणि मग हत्तीशेजारी 'आय लव्ह कशेळी'ची लाल अक्षरं. हत्ती दहा हजार वर्षं पावसात टिकला असेल, पण सुशोभीकरणात टिकेल याची हमी नाही.

सुशोभीकरणाविना वारसा कसा जपतात ते पाहायचं तर कुडाळच्या बाहेर महामार्गालगत पिंगुळी आहे. तिथे परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय काढलं, ठाकर आदिवासी कला आंगण. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. त्यांना 2021 ची पद्मश्री मिळाली. या संग्रहालयात वस्तूंना हात लावू नका ही पाटी चालणारच नाही, कारण कळसूत्री बाहुलीला कोणी हातच लावला नाही तर ती खुंटीवरचं लाकूड आहे. चित्रकथीचंही तसंच. चित्र एकटं अर्धवट असतं, पुढे कोणीतरी वाद्य घेऊन गोष्ट गायला लागतो. म्हणजे माणूस जगवावा लागतो, आणि माणसाला महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात. पुतळ्याला एकदाच लागतात. सिमेंटचं गाव इतकं लोकप्रिय का, याचं उत्तर या हिशेबात आहे. रोज शेकडो गाड्या पिंगुळीवरून गोव्याकडे जातात. गोव्यात पोचल्यावर त्यातले लोक विचारतात, इथे जवळपास काही कल्चरल आहे का?

तर येत्या पावसाळ्यात गाडी थांबवा. पिंगुळीला तासभर बसा, खेळ लावायला सांगा आणि बिदागी हातावर ठेवा, घासाघीस करू नका. सड्यावर जायचं तर गावातल्या एखाद्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्या, त्याचे पैसे चुकते करा. चित्रावर बुटाने चढू नका. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरू नका. आणि ग्रामपंचायतीत विचारून या, त्या गटाच्या सातबाऱ्यावर अजून पोटखराबाच लिहिलंय का.